फॉर्मवर कारण लिहिलं होतं 'टाइम मॅनेजमेंट'

मी ऑनलाइन काउन्सेलिंग करते, बहुतेक करून आईवडिलांचंच. बाळंतपणानंतरचे महिने, दुसरं मूल, घटस्फोट, बदली, एकट्याने मूल वाढवणं असे सगळे विषय येतात. ज्या नवराबायकोबद्दल लिहितेय त्यांना विचारूनच लिहितेय आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

फॉर्ममध्ये यायचं कारण म्हणून नवऱ्याने 'टाइम मॅनेजमेंट' एवढंच लिहिलं होतं. पुरुषांचे फॉर्म बरेचदा असेच असतात, झोप नीट नाही, फोकस होत नाही, चिडचिड होते, आणि खाली मुलांच्या रकान्यात नुसती वयं. यांची मोठी मुलगी सहा वर्षांची, धाकटा चार महिन्यांचा. ते चार महिने बघूनच मी जरा सावध झाले होते.

ऑनलाइन सेशन सुरू करताना मी आधी काही गोष्टी विचारतेच विचारते. आत्ता नक्की कुठे आहात, पत्ता काय, आजूबाजूला कोणी ऐकतंय का, कॉल कट झाला तर कुठल्या नंबरवर फोन करू आणि गरज पडली तर घरातल्या कोणाला कळवू. काही लोक वैतागतात, पण समोरचा माणूस खोलीत नसतो, त्याला काही झालं तर मदत कुठे पाठवायची हे माहीत नसेल तर आमच्या हातात काहीच उरत नाही. त्यांनी बायकोचा नंबर दिला, पत्ता दिला, कॅमेरा मात्र बंद. म्हणाले, घरीच आहे मॅडम, नेट स्लो आहे.

बोलणं सुरू झालं, बोलायला एकदम व्यवस्थित, ऑफिसच्या मीटिंगमध्ये बोलावं तसे मुद्देसूद बोलत होते, आणि मधेच मला टिंग टिंग टिंग असा आवाज आला, गाडीत चावी असताना दार उघडलं की येतो तो. मी विचारलं, "तुम्ही गाडीत आहात का?"

बराच वेळ काहीच नाही. मग म्हणाले, "हो. खाली पार्किंगमध्ये."

"घरात प्रायव्हसी मिळत नाही म्हणून?" असं विचारल्यावर म्हणाले, "तसं नाही. मी रोजच बसतो. तासभर. कधी जास्त. गाडी बंद करतो आणि वर जाववतच नाही."

त्यानंतर टाइम मॅनेजमेंटचा विषय आपोआपच मागे पडला. हळूहळू एकेक बाहेर आलं. बाळ व्हायच्या काही महिने आधी वडील गेले, मग नवीन नोकरी, त्यासाठी नवीन शहर, मग बाळ. १९६७ मध्ये होम्स आणि राहे या दोन मानसोपचारतज्ज्ञांनी आयुष्यातल्या उलथापालथींची एक यादी केली होती, प्रत्येक घटनेला ती किती ताण देते त्याप्रमाणे गुण दिलेले. मी ती गुण मोजायला वापरत नाही, जुनी आहे आणि माणूस काही बेरजेने मोजता येत नाही, पण दाखवायला फार उपयोगी पडते, कारण तिच्यात आनंदाच्या घटनाही आहेत. जवळच्या नातेवाइकाचा मृत्यू ६३, घरात नवीन माणूस येणं ३९, वेगळ्या प्रकारचं काम ३६, घर बदलणं २०. स्क्रीन शेअर करून दाखवली तर ते म्हणाले, "पण बाळ तर आम्हाला हवं होतं." हवं होतंच की. हवं असलेलं मूलसुद्धा झोप, पैसा, नवराबायकोचा वेळ सगळं हलवून टाकतं, आणि हवं होतं म्हणूनच तक्रार करायची लाज वाटते.

मी विचारलं की बाळ झाल्यापासून तुम्हाला कोणी विचारलं का, कसे आहात म्हणून. तर म्हणाले, "हिला डॉक्टरांकडे विचारलं होतं. प्रश्नांचा कागद भरून घेतला. मी शेजारीच बसलो होतो बाळाची फाइल घेऊन."

तो कागद बहुधा ईपीडीएस असणार, म्हणजे एडिनबरा स्केल, बाळंतपणानंतरचं डिप्रेशन ओळखायची प्रश्नावली. १९८७ पासून वापरात आहे, दहाच प्रश्न, मागच्या सात दिवसांबद्दल. आयांसाठी बनवलेला, पण बापांसाठीही वापरतात, फक्त कट-ऑफ, म्हणजे किती गुणांपासून पुढे तपासायचं तो आकडा, जरा खालचा धरतात. बापांनाही बाळ झाल्यावर डिप्रेशन येतं हे अजून कित्येकांना खरंच वाटत नाही. पॉलसन आणि बेझमोर या संशोधकांनी २०१० मध्ये बरेच अभ्यास एकत्र करून बघितले तर साधारण दहात एक बाप असं प्रमाण निघालं, आणि सगळ्यात जास्त कधी, तर बाळ तीन ते सहा महिन्यांचं असताना. आणि ते रडण्यातून दिसेलच असं नाही, चिडण्यातून दिसतं, उशिरा घरी येण्यातून दिसतं.

म्हटलं, आपण तेच प्रश्न आत्ता करू. नऊ प्रश्न झाले. दहावा स्वतःला इजा करून घ्यायच्या विचारांचा असतो, उत्तरं चार, बऱ्याचदा, कधीकधी, क्वचितच, कधीच नाही. मी तो नेहमी सावकाश आणि स्पष्ट वाचते.

"कधीकधी," ते म्हणाले.

इथे एकूण स्कोअर किती याला अर्थ उरत नाही. या एका प्रश्नाला 'कधीच नाही' सोडून काहीही उत्तर आलं की तिथेच थांबून पुढचं विचारायचं. मी सरळ विचारलं, मरून जावं असं वाटतं का, कसं करायचं ते ठरवलंय का, आज तसं वाटतंय का. असं विचारल्याने डोक्यात नसलेलं भरतं अशी भीती लोकांना असते, तसं होत नाही, उलट माणसाचा श्वास मोकळा होतो, मला तो हेडफोनमधून ऐकू आला. ठरवलेलं काही नव्हतं, पण एकटे गाडी चालवताना विचार यायचे, आणि त्या आठवड्यात जास्त आले होते. म्हणून सगळ्यात आधी, आज गाडी चालवायची नाही. मग सेफ्टी प्लॅन, तो मी लिहून देत नाही, त्यांनाच चॅटमध्ये टाइप करायला लावते. विचार वाढायला लागले हे कशावरून कळतं, तेव्हा काय करायचं, कोणाला फोन करायचा, इमर्जन्सीला कुठे जायचं. 'कोणाला' या ओळीवर कर्सर नुसता लुकलुकत राहिला. मी म्हटलं, बायकोला आत्ता कॉलवर घेऊ या का? तयार व्हायला वेळ लागला, पण झाले.

त्या आल्या, मागे बाळ कुरकुरत होतं. नवऱ्याने अडखळत सांगितलं, रोज खाली बसतो म्हणून. त्या म्हणाल्या, "माहितीये मला. गॅलरीतून गाडी दिसते. मला वाटलं तू कोणाशी तरी बोलत बसतोस. दुसरी कोणीतरी आहे."

कितीतरी दिवस त्या वर तेवढं एक धरून बसल्या होत्या आणि हे खाली. दोघंही रडले. मी काही बोलले नाही, बोलायची गरजच नव्हती. मग त्याच म्हणाल्या, "चावी माझ्याकडे दे आणि वर ये, मी दार उघडून उभी आहे." ते वर पोचेपर्यंत मी कॉल चालू ठेवला आणि दोघांशी बोलूनच बंद केला.

दुसऱ्या दिवशी सायकिअ‍ॅट्रिस्टची अपॉइंटमेंट झाली, औषधं सुरू झाली. रात्रीच्या पाळ्या ठरल्या, म्हणजे दोघांनाही रोज सलग चारपाच तास तरी झोप मिळेल अशा, हे ऐकायला किरकोळ वाटतं पण या काळात त्याने खूप फरक पडतो. बायकोसाठी मी दुसऱ्या काउन्सेलरचं नाव दिलं, कारण इतके दिवसांचा संशय आणि एकटेपणा त्यांनीही काढलाच होता. नवऱ्याचे ते विचार आता बरेच कमी झालेत, पण दहावा प्रश्न मी अजूनही दर सेशनला विचारते. वडिलांबद्दल बोलायला मात्र आत्ता कुठे सुरुवात झालीये, त्याला वेळ लागेल.