फिगर स्केटिंग: झेंडा एका देशाचा, कोच दुसऱ्या देशाचा

टीव्हीवर फिगर स्केटिंग बघताना खेळाडूच्या नावापुढे देशाची तीन अक्षरं दिसतात आणि या खेळाडूला त्या देशानं घडवलं असं आपण धरून चालतो. पुष्कळदा ते अर्धंच खरं असतं. २०१८ च्या प्याँगचँग ऑलिंपिकमध्ये जपानच्या युझुरु हान्यूला सुवर्ण मिळालं आणि स्पेनच्या हाविएर फर्नांडेझला कांस्य. दोघांचे कोच एकच, कॅनडाचे ब्रायन ऑर्सर. त्याच स्पर्धेत आइस डान्सचं (जोडीनं बर्फावर नाचायच्या प्रकाराचं) सुवर्ण कॅनडाच्या टेसा व्हर्च्यू आणि स्कॉट मॉयर यांनी घेतलं, तर रौप्य फ्रान्सच्या पापाडाकिस आणि सिझेरॉन यांनी. या दोन्ही जोड्या माँट्रियलमध्ये एकाच कोचांच्या गटाकडे सराव करत होत्या. कोच त्या त्या देशाचा नागरिक असावा असा नियमच नाही. स्पर्धेत कोचला प्रवेशपत्र मिळतं ते खेळाडूच्या फेडरेशनमार्फत.

म्हणून 'परदेशी कोचकडे शिकला, मग तो आपला कसा' हा प्रश्न मला पूर्णपणे गैरलागू वाटतो. मुंबईत तर तो परवडणाराही नाही. इथे सोसायट्यांच्या आवारात आणि मैदानांवर रोलर स्केटिंगचे क्लास भरलेले असतात, पण ६० बाय ३० मीटरची बर्फाची रिंक शहरात नाही. सिमल्याची रिंक नैसर्गिक बर्फाची, म्हणजे फक्त हिवाळ्यापुरती. डेहराडूनची पूर्ण मापाची रिंक २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धेसाठी बांधली, मग कित्येक वर्षं बंद राहिली. वर्षभर रोज बर्फ हवा असेल तर मुंबईच्या मुलाला शहराबाहेर, बहुधा देशाबाहेर, जावंच लागतं.

बाहेर जाताना कोचचा पासपोर्ट बघू नका, त्याची नजर कुठे आहे ते बघा. रोलरवरून आलेलं मूल बर्फावर पहिल्यांदा पंजानं ढकलतं, कारण त्याच्या पायाला टो-स्टॉपची, म्हणजे स्केटच्या पुढच्या टोकाच्या रबरी थांब्याची, सवय असते. बर्फावर मात्र पुढे ब्लेडचे दात असतात, ते रुततात आणि मूल तोंडावर आपटतं. ढकलायचं ते ब्लेडच्या आतल्या कडेनं, पाय बाजूला नेऊन. चांगला कोच पहिले काही आठवडे यावरच घालवतो आणि उड्यांची घाई करू देत नाही. लुट्झ ही उडी मागे सरकताना बाहेरच्या कडेवरून घ्यायची असते. शेवटच्या क्षणी घोटा आत कलंडला की तांत्रिक पॅनेल (उड्या तपासणारे अधिकारी) चुकीच्या कडेची खूण लावतं आणि उडीचे मूळ गुणच कमी होतात. ही सवय लहानपणी पडली की सुटता सुटत नाही.

खरी गुंतागुंत आहे ती पासपोर्टात. आंतरराष्ट्रीय स्केटिंग युनियनच्या स्पर्धांत पेअर किंवा डान्सच्या जोडीतला एक जण त्या देशाचा असला तरी चालतं. ऑलिंपिकमध्ये दोघांनाही नागरिकत्व लागतं. त्यापायी युको कावागुतीनं रशियाकडून खेळण्यासाठी जपानचं नागरिकत्व सोडलं, कारण जपान दुहेरी नागरिकत्व मानत नाही. फ्रान्सचा ब्रुनो मासो जर्मनीकडून अल्योना सावचेंकोबरोबर खेळायला आला, तेव्हा फ्रेंच फेडरेशनच्या परवानगीसाठी त्याला ताटकळावं लागलं. मग तो जर्मन भाषेच्या परीक्षेत नापास झाला. नागरिकत्व हातात पडलं २०१७ च्या अखेरीस, आणि काही आठवड्यांत दोघांनी ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं.

भारतही दुहेरी नागरिकत्व देत नाही. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणारं) म्हणजे नागरिकत्व नव्हे, त्यावर तिरंग्याखाली उतरता येत नाही. ओसीआय धारकाला नागरिकत्व हवं असेल तर सर्वसाधारण मार्ग असा: सज्ञान असणं, कार्डावर पाच वर्षं पूर्ण होणं आणि अर्जाआधी बारा महिने भारतात राहणं. खास कारणासाठी जास्तीत जास्त तीस दिवसांची सूट मिळू शकते. न्यू जर्सीतल्या एखाद्या मराठी घरातली एकोणीस वर्षांची मुलगी हे बारा महिने दादरला मामाकडे राहून काढेल, पण तिला रोज बर्फ कुठे मिळणार? या वयात वर्षभर उड्या बंद पडल्या तर तिहेरी (हवेत तीन फेऱ्यांच्या) उड्या परत बसवायला त्याहून जास्त काळ जाऊ शकतो. अमेरिकेत जन्मलेल्या तारा प्रसादनं भारतीय नागरिकत्व घेतलं आणि २०२५ च्या हार्बिनच्या आशियाई हिवाळी स्पर्धेत आठवा क्रमांक मिळवला. त्या क्रमांकामागे काय सोडावं लागतं हे आपल्याकडे फार कमी जणांच्या लक्षात येतं.

एक खबरदारी पालकांनी आवर्जून घ्यावी. कुठल्या देशाकडून खेळायचं हे नक्की होईपर्यंत दुसऱ्या देशाच्या नावावर एकही आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळू नका, ज्युनियरचीसुद्धा. एकदा खेळलात की आधीच्या फेडरेशनचं सोडपत्र आणि सक्तीचा थांबा आलाच. ऑलिंपिकसाठी हा थांबा एरवी तीन वर्षांचा असतो. तो कमी करून घ्यायला सगळ्या संबंधितांची संमती लागते.

वंशाचा प्रश्न याहून वेगळा आणि जास्त बोचरा आहे, कारण तो कागदावर नसतोच. मिशेल क्वान कॅलिफोर्नियात जन्मली, अमेरिकेकडून खेळली. तरी १९९८ च्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेचीच तारा लिपिन्स्की जिंकली तेव्हा एका अमेरिकी वृत्त संकेतस्थळाच्या मथळ्याचा अर्थ 'अमेरिकी मुलीनं क्वानला हरवलं' असा होता. लॉस एंजेलिसमध्ये जन्मलेली झू यी चीनकडून २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उतरली, पडली, आणि चिनी समाजमाध्यमांनी तिच्या चिनीपणावरच बोट ठेवलं. अमेरिकेच्या मेबल फेअरबँक्स कृष्णवर्णीय होत्या, म्हणून १९३० च्या दशकात त्यांना स्पर्धेची दारं बंद होती. त्या कोच झाल्या. टाय बॅबिलोनिया आणि रँडी गार्डनर या मुलांची जोडी त्यांनीच जमवली आणि ती १९७९ मध्ये विश्वविजेती ठरली. बंद दाराबाहेर राहिलेल्या बाईनं दुसऱ्यांसाठी ते उघडलं, म्हणून या खेळाच्या इतिहासात मला त्या पदकविजेत्यांइतक्याच मोठ्या वाटतात.

मग भारतीय खेळाडूनं भारतीय संगीतावरच नाचावं का? सक्ती नको. पण करायचं तर नीट करावं. २०१० च्या मोसमात अमेरिकेच्या डेव्हिस आणि व्हाइट यांनी हिंदी चित्रपटगीतांवर नाच बसवला, त्यासाठी भारतीय नृत्याच्या जाणकाराकडे शिकले, आणि तो वाखाणला गेला. त्याच मोसमात रशियाच्या डोमनिना आणि शाबालिन यांच्या आदिवासी वेशावर ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी नेत्यांनी जाहीर आक्षेप घेतला.

उद्या कुणी लावणी बर्फावर नेली तर नऊवारीचा काष्टा सोयीचाच, कारण ब्लेडमध्ये अडकायला घोळ नसतो. पदर मात्र टाचून चालणार नाही, शिवूनच घ्यावा. घुंगरू नकोत. वेशाचा कुठलाही भाग बर्फावर पडला की एक गुण जातो, आणि सुटलेला मणी ब्लेडखाली आला तर खेळाडू पडते. नथ आणि गजरा यांनाही तोच नियम. हस्तमुद्रा सरकत्या हालचालींत ठेवाव्यात; उडीत हात बहुतेक वेळा छातीशी आवळावे लागतात. शब्द असलेलं गाणं २०१४ पासून एकेरीतही चालतं. चार मिनिटांच्या फ्री स्केटमध्ये (स्पर्धेतल्या लांब कार्यक्रमात) ढोलकीचा तुकडा पावलांच्या मालिकेसाठी राखावा, कारण घुंगरांविना ठेका दाखवायचा तर तो वळणांतूनच दिसणार.