गळती खाली, दुखणं वर

गेल्या मे महिन्यात जांबोटीच्या पलीकडच्या एका गावात, निवृत्त गुरुजींच्या घराची गळती बघायला गेलो होतो. खानापूर तालुक्याच्या या पश्चिम अंगाला, कणकुंबीकडं, पाऊस कसा पडतो ते बेळगावात राहून कळत नाही. स्लॅबला केसाएवढी फट असली तरी तो ती हुडकून काढतो. गुरुजींनी वॉटरप्रूफिंगवर वॉटरप्रूफिंग केलं होतं. सगळी गॅरंटी कार्डं फायलीत लावलेली, त्यामागं लोखंडाचं ड्रॉइंग आणि स्लॅबच्या दिवशीचे फोटो. मास्तरांची फाईल ती! तिनं माझं निम्मं काम केलं.

सोबत गावातलाच एक म्हातारा फिटर, म्हणजे लोखंड बांधणारा, होता. हे घर त्यानं बांधलेलं नव्हतं, पण अशी बरीच बांधलेली. दोघांनी आधी खोलीतून बीम बघितला. मधल्या खांबाशी काँक्रीट धडधाकट, एक ओरखडा नाही. ठोकून बघितलं तर आवाजही भरीव. "हितं तर काय न्हाई की साहेब," तो म्हणाला. आधीच्या लोकांचंही इथंच फसलं असणार. गळती खाली दिसते, म्हणून दुखणंही खालीच शोधायचं.

गच्चीवर गेलो आणि कोटिंगची सुटलेली पापुद्री उलथण्यानं काढली. मधल्या खांबांच्या रांगेवरून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सरळ भेग गेली होती. पाच रुपयांचं नाणं उभं शिरेल असं काही नव्हतं, पण पाण्याला पुरेशी होती.

बीम साधाच: 230 बाय 450 मिलीमीटर, तीन खांबांवर सलग, 5 मीटरचे दोन गाळे (गाळा म्हणजे दोन खांबांमधलं अंतर). गाळ्याच्या मध्यावर बीम खाली वाकतो, तिथं ताण खालच्या अंगाला. पण सलग बीम मधल्या खांबावर उलटा वाकतो. तिथं वरचं अंग ताणलं जातं आणि खालचं दाबलं जातं. म्हणूनच खालून सगळं आलबेल दिसत होतं. समान गाळ्यांवर सारखा भार असेल तर मधल्या टेकूवरचा, म्हणजे खांबावरचा मोमेंट (बीमला वाकवणारा जोर) दर मीटरचा भार गुणिले गाळ्याच्या लांबीच्या वर्गाचा आठवा हिस्सा भरतो. गाळ्यातला जास्तीत जास्त मोमेंट त्याच गुणाकाराच्या 128 भागांतले 9, म्हणजे टेकूवरच्याच्या जेमतेम 56 टक्के. सगळ्यात जास्त ओढ जिथं, तिथं लोखंड वर हवं. ड्रॉइंगमध्ये ते बरोबर दाखवलं होतं: वर कोपऱ्यात दोन सळ्या 10 मिलीमीटरच्या, आणि खांबावर त्यांच्या मधे 16 च्या दोन एक्स्ट्रा.

गुरुजींच्या परवानगीनं खांबालगत छिन्नी चालवली. कोपऱ्यातली 10 ची सळई लगेच लागली, गंजून तांबडी झालेली. एक्स्ट्रा मात्र लागेना. फिटर फोडत राहिला. 16 ची सळई सापडली ती वरून 130 मिलीमीटर खाली! ती 45 च्या आसपास असायला हवी होती. बीमची उपयोगी खोली, म्हणजे दाबल्या जाणाऱ्या कडेपासून सळईपर्यंतचं अंतर, 405 वरून 320 वर आली, त्या सळईच्या ताकदीचा पाचवा हिस्सा तिथंच गेला. त्याहून वाईट म्हणजे वरच्या थरात काँक्रीटला धरायला त्या दोन बारीक सळ्याच उरल्या. मोठी सळई पृष्ठभागापासून जितकी लांब, तितकी भेग वर रुंद होते.

सळई खाली गेली कशी, याचं उत्तर फोटोंत होतं. स्लॅबवर घमेली वाहणाऱ्यांची रांग, आणि सगळे नेमके बीमच्या जाळीवर पाय देत चाललेले. कोपऱ्यातल्या सळईला रिंगेचा, म्हणजे सळ्यांभोवतीच्या चौकोनी कड्याचा, आधार असतो. मधली एक्स्ट्रा नुसत्या तारेवर लोंबते. शिवाय खांबावर आडव्या बीमच्या सळ्या आधी बांधून झाल्या होत्या, त्यामुळं ही त्यांच्या खालून सरकवलेली. फिटर फोटो डोळ्याजवळ धरून म्हणाला, "खुर्ची कुठं हाय हितं? एक पण न्हाई." खुर्ची म्हणजे वरची सळई उचलून धरणारा वाकवलेल्या सळईचा आधार. मला ड्रॉइंग काढणाऱ्याबद्दलही थोडा राग आला. खांबावर चार दिशांच्या सळ्या एकमेकींत कशा बसणार, हे कागदावर कुणी काढतच नाही.

मग घर उभं कसं? टेकूवरचा बीम भेगाळला की तिथला मोमेंट गाळ्याकडं सरकतो. टेकूनं पूर्ण हात वर केले तर गाळ्यातला मोमेंट 78 टक्के वाढतो. इथं तेवढं झालं नव्हतं, पण खालचं लोखंड तपासणं भाग होतं. गाळ्याच्या मध्यावर थोडं कव्हर, म्हणजे सळ्यांवरचं काँक्रीट, काढलं. ड्रॉइंगात 16 च्या तीन, प्रत्यक्षात चार. "मीच सांगितलं होतं, लोखंडाला कमी करू नका," गुरुजी म्हणाले. कंत्राटदारानं जादाची सळई टाकली ती खालीच. पैसे वरच्या गळतीवर गेले, पण घर वाचलं ते त्या सळईनं.

दुरुस्तीचं गणित बेळगावच्या स्ट्रक्चरल कन्सल्टंटकडून तपासून घेतलं. आधी दोन्ही गाळ्यांना खालून तात्पुरते टेकू देऊन भार उतरवायचा. नव्या सळ्या बीमच्या पोटात न घुसवता दोन्ही बाजूंच्या स्लॅबमध्ये, खांबाला बगल देऊन, खाचा पाडून बसवायच्या. लांबी किती? अशा बीमची वाकण्याची दिशा टेकूपासून पाव गाळ्यावर, म्हणजे सव्वा मीटरवर बदलते. आयएस 456, म्हणजे काँक्रीटचं भारतीय मानक, म्हणतं, वरच्या लोखंडाचा निदान तिसरा हिस्सा त्याच्याही पुढं न्या: उपयोगी खोली, सळईच्या व्यासाच्या 12 पट किंवा गाळ्याचा सोळावा भाग, यातलं जे मोठं असेल तेवढा. इथं खोलीच मोठी, म्हणून प्रत्येक बाजूला 1.65 मीटर. फिटरला हे फार वाटलं. "आमी तर चार फूट टाकतोय." चार फूट म्हणजे 1.2 मीटर, दिशा बदलते तिथंही पोचत नाही. त्याला खडूनं गच्चीवर रेघ मारून दाखवली. तो पावलांनी मोजून आला आणि म्हणाला, "मग रामाच्या घरात पण कमीच हाय."

मृग लागायच्या आत काम उरकायचं ठरलं. फिटरनं सोमवारी दोन माणसं घेऊन यायचं कबूल केलं, टेकूंचे पाइप खानापुरातून भाड्यानं. निघताना गुरुजींनी फाईल पुढं केली.

"ही गॅरंटी कार्डं आता टाकू का?"

म्हटलं, ठेवा. ड्रॉइंग आणि फोटो तेवढे मला द्या, झेरॉक्स काढून परत आणतो.