दीड वितीवरचा माइक

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. मे महिन्यात आणि दिवाळीच्या तोंडावर हा प्रश्न मला हमखास येतो, शब्दही जवळपास तेच असतात : "गावी चाललोय, आजीच्या ओव्या रेकॉर्ड करायच्यात, कोणता रेकॉर्डर घेऊ?" मुळशी-मावळातल्या गावांमधून जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करत मी बरीच वर्षं फिरते आहे, म्हणून लोक मला विचारतात. मॉडेलचं नाव हवं असतं, ते मी पुढे सांगतेच. पण आधी मी उलट विचारते : माइक आजीच्या तोंडापासून किती लांब असणार आहे?

सगळं तिथेच ठरतं. माइक दोन फुटांवरून एका फुटावर आणलात, तर तिचा थेट आवाज सहा डेसिबलनं वाढतो. खोलीचा घुमारा, पंखा, शेजारचा टीव्ही मात्र होता तेवढाच राहतो. पन्नास हजारांचा माइक ओट्यावर ठेवलात आणि आजी पलीकडच्या कोपऱ्यात जात्याशी बसली असेल, तर घरी येऊन ऐकताना तिच्या गळ्याआधी भिंती ऐकू येतील. पत्र्याचं छप्पर असेल तर विचारूच नका.

जात्याशी बसलेल्या बाईचा आवाज घेणं हे समोरासमोर बसून मुलाखत घेण्यासारखं नसतं. ती एक पाय लांब करून बसते, एक हात खुंट्याला, दुसऱ्या हातानं मधूनमधून वैरण, म्हणजे मूठमूठ धान्य, जात्यात घालते. अख्खं अंग पुढे-मागे झुलतं. म्हणजे तोंड माइकच्या जवळ येतं आणि लांब जातं, आवाज लहान-मोठा होत राहतो. सुरुवातीला मी रेकॉर्डर सरळ जमिनीवर, जात्याजवळ ठेवला होता. जमिनीतून जात्याचा सगळा हादरा त्यात उतरला. ओवी मागे आणि दळण पुढे असं झालं. आता मी चौघडी गोधडी घालते, तिच्यावर छोटा ट्रायपॉड, आणि माइक तिच्या छातीच्या उंचीला, समोरून न धरता जरा कडेनं, तोंडापासून दीड वितीवर. कडेनं ठेवल्यामुळे श्वासाचे फटकारे माइकवर येत नाहीत, आणि ती झुलली तरी अंतर फारसं बदलत नाही.

बांगड्यांचं सांगायलाच हवं. कॉलर माइक लावला की बांगड्यांची किणकिण आणि पदराची खसखस दोन्ही येतात. एकदा माझ्यासोबत आलेल्या शहरातल्या मुलानं एका मावशींना सांगितलं, "तेवढ्या बांगड्या काढून ठेवता का?" घर गप्प झालं. त्याला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, पण त्या दिवशी पुढे एकही ओवी आली नाही. बांगड्या काढायला सांगायचं नाही, कधीच नाही. ती किणकिण ओवीचा ठेकाच आहे, ती यायलाच हवी. पदर मात्र सांभाळता येतो : कॉलर माइक पदर नसलेल्या खांद्याच्या बाजूला लावा, वायरीचा एक वळसा देऊन चिकटपट्टीनं पक्का करा, म्हणजे वायर ओढली तरी धक्का माइकपर्यंत जाणार नाही.

"फोन चालेल का?" हा दुसरा प्रश्न. चालेल, पण एक गोष्ट समजून घ्या. फोन बोलण्यासाठी बनवलेला असतो. बरीचशी रेकॉर्डिंग ॲप एकसारख्या चालणाऱ्या आवाजाला गोंगाट समजून दाबतात आणि बोलणं थांबलं की लेव्हल आपोआप वर ओढतात. जात्याची घरघर त्यांच्या लेखी गोंगाटच. त्यामुळे ओवी चालू असताना जातं गायब, दोन ओळींच्या मध्ये ते एकदम अंगावर येतं, आणि ओळीच्या शेवटी लांबवलेला सूर मध्येच खाल्ला जातो. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या संशोधकांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून एक लाखाहून जास्त ओव्या लिहून घेतल्या, ते काम केवढं मोठं आहे. त्यातल्या ज्या ओव्यांचा आवाज नव्वदच्या दशकात टिपला गेला, त्या ऐकताना कळतं की कागदावर शब्द येतात, पण तो लांबवलेला सूर येत नाही. फोननं तोच खाल्ला तर मग आपण वहीच घेऊन गेलेलं काय वाईट? म्हणून फोन वापरणार असाल तर वेव्ह फाइल (आवाज न गाळता साठवणारी) करणारं, आवाजात आपलं डोकं न चालवणारं ॲप घ्या, फोन एअरप्लेन मोडवर टाका, आणि बोयाच्या बीवाय-एम१ सारखा वायरवाला कॉलर माइक जोडा. हजार रुपयांच्या आसपास मिळतो, वायर सहा मीटर लांब आहे. त्याच्यावरचं छोटं बटण फोनसाठी एकीकडे आणि कॅमेरा किंवा रेकॉर्डरसाठी दुसरीकडे असतं. ते चुकीकडे राहिलं की आवाजच येत नाही आणि माणसं माइकला दोष देतात.

आता रेकॉर्डर. पहिलाच घेत असाल आणि एकटी आजी गाणार असेल, तर झूमचा एच१ इसेन्शियल किंवा टॅसकॅमचा डीआर-०५एक्स, दोन्ही पुरेसे आहेत. तीन टाचण्यांची एक्सएलआर वायर, त्याच वायरीतून माइकला मिळणारा ४८ व्होल्टचा फँटम पॉवर, लांब नळीचा गन माइक यांच्या मागे आत्ताच लागू नका. गन माइक घरात तर मला मुळीच आवडत नाही. मोकळ्यावर तो उत्तम काम करतो, पण छोट्या खोलीत भिंतींवरून परतलेला आवाज त्याच्या नळीत शिरतो आणि सगळं पोकळ लागतं.

काही नव्या रेकॉर्डरांत ३२ बिट फ्लोट ही आवाज साठवायची पद्धत असते, आणि दुकानदार ती जादू म्हणून विकतात. तिचा उपयोग खरा आहे. लेव्हल लावत बसावं लागत नाही. आजी पुटपुटली किंवा नातवावर खेकसली, दोन्ही फाइलमध्ये नीट बसतं, आवाज फाटत नाही. पण माइक लांब असेल तर ती काही करू शकत नाही. खोलीतला फ्रीज ३२ बिटमध्येही तेवढाच घूं करतो. तुमच्या रेकॉर्डरात ती सोय नसेल तर २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ ठेवा, स्वयंचलित लेव्हल बंद करा, आणि मोठ्यात मोठा आवाज लेव्हलच्या पट्टीवर उणे बारा डेसिबलच्या आसपास जाईल एवढीच लेव्हल लावा. अशा स्टीरिओ रेकॉर्डिंगला तासाला साधारण एक जीबी लागतो.

रेकॉर्डरपेक्षा मी आग्रह धरेन तो हेडफोनचा. कान पूर्ण झाकणारा, वायरवाला. डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टी त्यातच सापडतात : बाजूच्या खोलीतली ट्यूबलाइटची गुणगुण, बाहेर वारा सुटल्यावर माइकवर होणारी भडभड. वाऱ्यासाठी केसाळ टोपी घ्याच. सोबत आलेला फोमचा गोळा श्वासापुरता बरा, अंगणातल्या वाऱ्यापुढे तो टिकत नाही.

पण हेडफोनवरही पूर्ण विसंबू नका, हे मी फार मोठी किंमत देऊन शिकले. माझा जुना रेकॉर्डर असा होता की लाल बटण एकदा दाबलं की तो फक्त तयारीत उभा राहायचा. दिवा लुकलुकायचा, लेव्हलच्या पट्ट्या हलायच्या, हेडफोनमध्ये सगळं ऐकू यायचं. दुसऱ्यांदा दाबल्यावर रेकॉर्डिंग सुरू. एका दुपारी एक आजी पाऊण तास गायल्या. "आता म्या काय गानार, गळा बसलाय माजा," म्हणत म्हणत भावाच्या ओव्यांवर आल्या आणि मग थांबल्याच नाहीत. मी बटण एकदाच दाबलं होतं. दुसऱ्या दिवशी परत गेले, त्यांनी काहीही कुरकुर न करता पुन्हा जातं मांडलं. पुष्कळ ओव्या आल्या. पण भावाच्या त्या आल्या नाहीत. "काल कंची म्हनली व्हती?" त्या मलाच विचारत होत्या, आणि मला एकही ओळ धड आठवत नव्हती. तेव्हापासून मी पट्ट्यांकडे बघत नाही, आकड्यांकडे बघते. सेकंद पुढे सरकतायत का, एवढंच.

सुरू झालं की आधी स्वतःच्या आवाजात तारीख, गाव आणि आजीनं सांगू दिलं तर तिचं नाव बोला. संपल्यावर लगेच बंद करू नका, मिनिटभर काही न बोलता चालू राहू द्या. नंतर आवाज साफ करताना ती रिकामी खोली कामाला येते. फाइल त्याच रात्री दोन ठिकाणी उतरवा. व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट म्हणून पाठवलेली प्रत साठवणीची नव्हे, तिच्यातला बराच आवाज गाळलेला असतो. एक प्रत आजीच्या घरी, सुनेच्या किंवा नातवाच्या फोनमध्ये द्या. ती त्यांची आहे.

आणि रविवारी निघणार असाल तर सेल आजच भरून ठेवा, जोडीला नवी जोडी घ्या, कार्ड रिकामं करा. मग आई भाकऱ्या थापत असेल तेव्हा तिच्याशेजारी बसून दहा मिनिटं रेकॉर्ड करा आणि हेडफोन लावून ऐका. तिचं बोलणं, बांगड्या आणि परातीवरची थाप, तिन्ही वेगवेगळं ऐकू आलं की ते अंतर वितीनं मोजून घ्या.