गावकूस ते महाद्वार

पंढरपूरच्या माझ्या कितीतरी खेपा झाल्या, पण तिथून पंचवीसेक किलोमीटरवर असलेल्या मंगळवेढ्याला जाणं कधी झालं नव्हतं. माझी आजी माळकरी. तिच्या बोटाला धरून महाद्वारात गेलं की ती आधी चोखोबांच्या समाधीवर डोकं टेकवायची, मग वळून नामदेव पायरीला हात लावायची आणि त्यानंतरच दर्शनाच्या रांगेकडे निघायची. "आधी चोखोबा," एवढंच म्हणायची. आजी गेली, सवय माझ्यात राहिली. यंदा पौषात ठरवलं, चोखोबांच्या अस्थी ज्या वाटेने पंढरीला आल्या त्या वाटेने एकदा जायचं.

सोलापूरहून सकाळची एसटी धरली. गाव जवळ येऊ लागलं तशी दोन्ही बाजूंनी काळी रानं आणि त्यांत पुरुषभर उंचीची मालदांडी. शेजारी बसलेल्या मावशींच्या मांडीवर हुरड्याची कणसं होती. मी निरखून बघतेय हे पाहून त्या आपणहून म्हणाल्या, "आमच्या ज्वारीला पाणी न्हाई लागत, थंडी लागती." खरंच आहे. परतीच्या पावसाची ओल ही काळी जमीन पोटात धरून ठेवते आणि त्या ओलीवर, थंडीच्या दिवसांत, पीक उभं राहतं. या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. उतरताना मावशींनी एक कणीस माझ्या हातात ठेवलं. पैसे विचारले तर रागावल्या.

दामाजीपंतांचं गाव म्हणून मंगळवेढा सगळ्यांना ठाऊक. दुष्काळात त्यांनी बहामनी बादशहाची कोठारं लोकांसाठी उघडली आणि त्या धान्याची भरपाई करायला विठोबा स्वतः विठू महार होऊन बिदरच्या दरबारात गेला, ही कथा मी कीर्तनात असंख्य वेळा ऐकलेली. दामाजीपंतांच्या देवळात बसले असताना ती पहिल्यांदा टोचली. देवाला महाराचं रूप घेऊन बादशहाच्या दरबारात जाता आलं; महाराला मात्र देवाच्या राऊळात पाऊल ठेवता येत नव्हतं. कथा रचणाऱ्यांना हे दिसलं असेलच. कदाचित म्हणूनच त्यांनी देवाला तो वेष दिला असेल.

मी आले होते ती चोखोबांसाठी. १३३८ साली मंगळवेढ्याच्या गावकुसाचं बांधकाम चाललं होतं. परंपरा सांगते की त्या कामावर चोखोबाही होते. कूस कोसळलं आणि त्याखाली मजूर गाडले गेले. गावकुसाबाहेर हा शब्द आपण किती सहज वापरतो. ज्या कुसाच्या आत राहायची मुभा नाही तेच बांधताना चोखोबा गेले, हे त्या गावात उभं राहिल्यावर अंगावर येतं.

पुढची कथा अशी, की नामदेव पंढरपूरहून अस्थी न्यायला आले. ढिगाऱ्याखाली सगळ्यांचीच हाडं. त्यांनी एकेक हाड कानाशी धरलं. ज्यातून विठ्ठल विठ्ठल ऐकू आलं ती चोखोबांची म्हणून गोळा केली. आजी ही कथा सांगताना इथे हमखास डोळे पुसायची, आणि माझेही भरून यायचे. या वेळी मनात दुसरंच आलं. ज्या हाडांतून काही ऐकू आलं नाही ती माणसं कोण होती? त्यांचीही घरं असतील, संध्याकाळी कुणी वाट पाहत बसलं असेल. त्यांची समाधी कुठेच नाही. मी चोखोबांपुढे हात जोडले ते त्यांच्यासाठीही.

शाळेत आम्हाला ‘ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा’ होता. ऊस वाकडा असला तरी रस वाकडा नसतो, असा अर्थ लिहिला की गुण मिळत. ‘काय भुललासी वरलिया रंगा’ हा प्रश्न नेमका कुणाला विचारलाय, हे कुणी विचारलं नाही. ‘धाव घाली विठू आता, चालू नको मंद’ ही तर मार खाणाऱ्या माणसाची हाक आहे. पुढच्याच ओळीत बडवे मारताहेत असं चोखोबा सांगतात. देवाच्या गळ्यातला हार तुझ्या गळ्यात आला कसा, म्हणून शिव्या देताहेत. असा अभंग नुसता चालीवर डोलत म्हणणं मला आता जमत नाही.

आणि हे एकट्या चोखोबांचं नव्हतं, सगळं घरच बोलत होतं. बहीण निर्मळा, तिचा नवरा बंका, मुलगा कर्ममेळा, सगळ्यांचे अभंग आहेत. पत्नी सोयराबाईंचा ‘अवघा रंग एक झाला’ आपण मैफिलीत ऐकतो. त्याच सोयराबाई ‘देहासी विटाळ म्हणती सकळ’ अशी सुरुवात करून पुढे विचारतात, विटाळ जर देहातच जन्मला, तर सोवळा कोण? सातशे वर्षांपूर्वीच्या बाईचा हा प्रश्न आहे आणि त्याला उत्तर नाही. कर्ममेळा तर बापासारखी विनवणी करतच नाही. ‘जन्म गेला उष्टे खाता, लाज न ये तुमच्या चित्ता’ असं तो थेट देवाला सुनावतो. मला या घरात सर्वांत जवळचा तोच वाटतो. भक्तीत एवढं भांडायची जागा आहे, हे मला त्याच्यामुळे कळलं.

कान्होपात्राही याच मंगळवेढ्याची. गणिकेची मुलगी, बिदरच्या बादशहाचं बोलावणं आल्यावर तिने पंढरीत विठोबाच्या पायाशी देह ठेवला. ‘नको देवराया अंत आता पाहू’ हा तिचाच अभंग. राऊळात तिच्या नावाचं तरटीचं झाड दाखवतात.

दुपारी पंढरपूरची गाडी मिळाली. तासाभराचीही वाट नाही. नामदेव ही वाट अस्थी घेऊन चालले असतील तेव्हा त्यांना किती वेळ लागला असेल, याचा हिशोब करत खिडकीशी बसले. नामदेवांनी चोखोबांना महाद्वारापर्यंत आणलं आणि समाधी बांधली ती दाराबाहेर. तेवढंच त्यांच्या हातात होतं. दार उघडायला १९४७ चा मे महिना यावा लागला. साने गुरुजी उपोषणाला बसले, तेव्हा कुठे हे मंदिर दलितांना खुलं झालं. १३३८ ते १९४७, सहाशे नऊ वर्षं. आजी तेव्हा सासरी नुकतीच आली होती.

संध्याकाळी महाद्वारात पोचले. समाधीपाशी फारशी गर्दी नव्हती. डोकं टेकवलं, पिशवीतलं कणीस काढून तिथे ठेवलं. मागे एक म्हातारे वारकरी उभे होते.

"कुठलं गं, पोरी?"

"मंगळवेढ्याचं, बाबा."

त्यांनी वाकून ते कणीस उचललं, कपाळाला लावलं आणि पुन्हा जागेवर ठेवलं.