टेबलावरच्या फोनचे 9.8

सांगलीत एसटी स्टँडजवळ माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. पावसाळ्यात भिजलेले सेट रोजच येतात. त्या दिवशी आलेला सेट हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवणाऱ्या सरांचा होता. मोटरसायकलवरून येताना खिशातच भिजला होता. बोर्ड काढला, पत्र्याखाली हिरवट गंज धरलेला. नेहमीसारखा लिक्विडमध्ये घालून पाच मिनिटं अल्ट्रासोनिक मशीनमध्ये, म्हणजे कानाला ऐकू न येणाऱ्या थरथरीनं घाण सोडवणाऱ्या मशीनमध्ये, सोडला आणि वाळवून जोडला. चार्जिंग, डिस्प्ले, कॅमेरा, माइक, सगळं चालू. सर खूश होऊन गेले.

तिसऱ्या दिवशी परत आले. "फोन चांगला चालतोय रे, पण माझा प्रयोग बंद पडला."

सर फोनवरच्या फायफॉक्स या ॲपवर मुलांना गुरुत्वाकर्षण दाखवतात. जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठात बनलेलं हे ॲप फोनच्या ॲक्सेलरोमीटरचे, म्हणजे हालचाल आणि गुरुत्वाकर्षण जाणवणाऱ्या सेन्सरचे, आकडे थेट दाखवतं. त्यांनी ते माझ्यासमोर उघडलं. फोन तिरका केला की एक्स आणि वायचे, म्हणजे फोनच्या रुंदीच्या आणि लांबीच्या दिशेचे, आकडे नीट बदलत होते. स्क्रीनमधून आरपार जाणाऱ्या दिशेचा झेड मात्र उणे 19.6 वर गोठलेला. सेट उलटा केला, उभा केला, तरी तोच.

"पाणी गेलं असेल सेन्सरमध्ये," मी म्हणालो.

"पाण्यानं सेन्सर गेला असता तर बहुतेक तिन्ही आकडे गेले असते. दोन बरोबर आहेत. आणि गुरुत्वाकर्षणाचा आकडा 9.8, 19.6 म्हणजे त्याची बरोबर दुप्पट. मोजायची हद्द तिथं संपते. आतलं काहीतरी टोकाला जाऊन चिकटलंय."

मला चिकटलंय म्हणजे काय तेच कळेना. आयसीत हलण्यासारखं असतंच काय? सरांनी बिलाच्या पाठीमागं चित्र काढलं. सिलिकॉनचा एक इवलासा तुकडा सिलिकॉनच्याच बारीक पट्ट्यांवर टांगलेला. त्याला कंगव्यासारखे दात, आणि त्या दातांच्या मध्ये घुसलेले दुसऱ्या, पक्क्या कंगव्याचे दात. मधली फट एक-दोन मायक्रॉनची, केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी कमी. एसटीनं ब्रेक मारला की उभी माणसं पुढं झुकतात, तसा हा तुकडा सरकतो, फट बदलते, दोन दातांमधला कपॅसिटन्स, म्हणजे विद्युतभार साठवायची क्षमता, बदलते. ती मोजून आकडा तयार होतो. झेडसाठी रचना जराशी वेगळी, तत्त्व तेच. फोन आडवा धरल्यावर स्क्रीन फिरते ती यामुळं, पावलं मोजली जातात ती यामुळं. गाडीची एअरबॅग फुगवायची की नाही, हेही 1990 च्या दशकापासून अशाच चिपा ठरवत आल्यात.

"मग नुसता टेबलावर पडलेला फोन शून्य का दाखवत नाही?" मी विचारलं. हे कोडं मला कित्येक वर्षं पडलेलं.

"टेबल फोनला वर उचलून धरतंय. आतला तुकडा मात्र पट्ट्यांवर लोंबकळतोय, त्यांना ताण बसलाय. तो ताण म्हणजे 9.8. टेबल काढून घेतलं की तुकडा आणि फोन एकाच वेगानं खाली येणार, ताण संपणार."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तो तुकडा सीलबंद पोकळीत असतो, तिथं पाणी पोचलंच नसावं. पोचली होती माझ्या मशीनची थरथर. सेकंदाला चाळीस हजार कंपनं आणि केसाहून बारीक पट्ट्या. रात्री सेन्सर बनवणाऱ्यांच्या सूचना शोधून वाचल्या. अल्ट्रासोनिक सफाई करू नका, असं स्पष्ट लिहिलेलं. इतकी वर्षं बोर्ड म्हणजे निर्जीव, न हलणारी वस्तू समजून मी त्यावर हे करत आलो होतो, याचं फार वाईट वाटलं.

त्याच मॉडेलचा एक डेड बोर्ड माझ्याकडे होता. दुसऱ्या दिवशी मायक्रोस्कोपखाली त्यावरचा सेन्सर काढला. जेमतेम दोन मिलिमीटरचा चौकोन, खाली बारा पॅड. सोल्डर नीट धरावं म्हणून फ्लक्स लावून, दिशा दाखवणारा कोपऱ्यातला ठिपका जुळवून, सरांच्या बोर्डावर हॉट एअरनं बसवला. पैसे घेतले नाहीत.

सर आले. फोन टेबलावर, झेड 9.8 च्या आसपास. मग दुकानातली गादी जमिनीवर अंथरली आणि त्यांनी फोन छातीच्या उंचीवरून सोडून दिला. आलेख पाहिला, तर 9.8 ची सरळ रेघ एकदम शून्याजवळ कोसळली होती, अर्धा सेकंद तिथंच राहिली, आणि गादीला टेकल्यावर उंच सुळका. त्या अर्ध्या सेकंदावर सर बोट ठेवून उभे होते. "एवढाच वेळ त्याला काही वजन नव्हतं."

त्या संध्याकाळी बिलबुक काढलं. पावसाळ्यात मी मशीनमध्ये धुतलेल्या प्रत्येक सेटच्या मालकाला फोन केला, स्क्रीन आडवी होते का बघा म्हणून. दोघांची होत नव्हती. त्यांना वाटलं होतं, सेटिंग बिघडलं असेल. दोघांनाही सेट घेऊन बोलावलं. तेव्हापासून भिजलेला बोर्ड मी ब्रशनं, हातानंच धुतो.