हळद म्हणजे काय?

"हल्ली फार विसरतात" अशी तक्रार घेऊन कुणी आलं की मी आधी कालच्या दिवसाबद्दल विचारते. घरी कोण आलं होतं, जेवायला काय होतं, दवाखान्यात कशानं आलात. अल्झायमरमध्ये बहुधा इथेच अडखळायला होतं. सांगलीच्या मार्केट यार्डात सारी हयात हळदीची अडत चालवलेले चौसष्ट वर्षांचे आण्णा मात्र कुठेच अडखळले नाहीत. पाहुणे कोण आले, किती वाजता गेले, वाटेत रिक्षावाल्याशी भाड्यावरून काय बोलणं झालं, सगळं क्रमवार सांगितलं. 47 किलो माल, भाव क्विंटलला 14,200, तर किती झाले? "सहा हजार सहाशे चौऱ्याहत्तर." कागदही मागितला नाही.

तरी त्यांच्या फाइलवर अल्झायमर लिहिलेलं होतं आणि त्यावरची डोनेपेझिलची गोळी चालू होती. घरच्यांच्या मते गोळी सुरू झाल्यापासून चिडचिड वाढली होती. बोलणं सरळ, ओघवतं, व्याकरणात कुठे चूक नाही. मात्र त्यात नामं फार कमी उरली होती. "ते सामान घ्या, त्या ह्याच्यात ठेवा" अशा बोलण्याला घरचे "विसरणं" म्हणत होते.

अशा वेळी चित्रं दाखवून नावं विचारावी लागतात. बोस्टनच्या प्रसिद्ध चाचणीत 60 चित्रं आहेत, पण त्यात बीव्हर आणि इग्लूसुद्धा आहेत. सांगलीच्या माणसाला इग्लू आला नाही, तर त्यावरून मेंदूबद्दल काहीच कळत नाही. म्हणून आमचा संच इथल्या वस्तूंचा आहे: वांगं, विंचू, कंदील, तिफण, बैलगाडी, रहाट. रोजच्या आणि क्वचितच्या, सजीव आणि निर्जीव, असे गट जुळवून घेतलेले. प्रत्येक चित्राला 20 सेकंद. नाव आलं नाही तर आधी अर्थाची खूण द्यायची ("चावतो, नांगी असते"), मग पहिलं अक्षर, आणि तरीही नाही आलं तर चार नावांतून एक निवडायला सांगायचं. ही पायरी चुकवू नये, कारण निदान इथेच ठरतं. शब्द नुसता जिभेवर अडकला असेल तर पहिल्या अक्षराला तो सुटून येतो. आण्णांना "विं..." म्हटलं, "विंचू" म्हटलं, तरी चेहऱ्यावर ओळख उमटली नाही. वांग्याला "काय तरी भाजी", विंचवाला "जनावर".

चित्रं संपल्यावर नुसते शब्द उच्चारून अर्थ विचारायचा असतो. यादीत हळद होती.

"हळद," ते स्पष्ट म्हणाले. पुन्हा म्हणाले, "हळद... हळद म्हंजे काय ओ?"

शेजारी बसलेला मुलगा कळवळून म्हणाला, "आण्णा, आपला धंदा हाय की ओ!" त्यांनी मुलाकडे शांतपणे पाहिलं. शब्द ऐकू आला होता, उच्चार बिनचूक होता, पण आत त्याला लागून काहीच उरलं नव्हतं.

हळूहळू फक्त भाषाच ढासळत जाणारे रुग्ण मेंदूविकारतज्ज्ञ मार्सेल मेसुलाम यांनी 1982 साली एकत्र मांडले. 2011 मध्ये या आजाराचे, म्हणजे प्रायमरी प्रोग्रेसिव्ह अफेजियाचे, तीन प्रकार सर्वमान्य झाले. एकात बोलणं कष्टाचं होतं आणि व्याकरण मोडतं. मराठीत हे लवकर उघडं पडतं, कारण लिंग, वचन, विभक्ती सगळ्यांचा मेळ घालावा लागतो. "मुलगी आला" असं ऐकू आलं की मी कान टवकारते. दुसऱ्यात शब्द शोधताना थांबणं वाढतं आणि लांब वाक्य ऐकून पुन्हा म्हणता येत नाही. आण्णांनी बारा शब्दांचं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं. तिसऱ्यात शब्दाचा अर्थच झिजतो. आण्णा या तिसऱ्यातले.

आता प्रश्न असा, की गेलं ते नाव की ती वस्तूच? यार्डात अथणी-बेळगावकडच्या शेतकऱ्यांशी ते कन्नडमध्ये बोलत आले, म्हणून कन्नडही तपासली. अर्धांगानंतर कधी कधी एक भाषा जास्त बिघडते, दुसरी बरी राहते. इथे तसं नव्हतं. "अरिशिण" या शब्दालाही तोच प्रश्न आला, "ते काय?" सीमाभागातल्या माणसाच्या दोन्ही भाषा तपासणं मला म्हणूनच फार महत्त्वाचं वाटतं. पण वस्तूची कल्पनाच विरत असेल, तर दोन्ही भाषांतले शब्द तिच्याबरोबर जातात.

यानंतर शब्द अजिबात न वापरता तपासायचं. तीन चित्रं: वर पाटा, खाली वरवंटा आणि मुसळ, जोडी कशाची? आमच्याकडे अशी 30 त्रिकुटं आहेत. डोळे झाकून बोट ठेवलं तरी 15 बरोबर येतात. आण्णांची 19 आली. पाट्याला त्यांनी मुसळ जोडलं.

मुलाला दुकानातून नमुना आणायला सांगितला. कागदाच्या पुडीत हळकुंडं आली, पॉलिश केलेली. आण्णांनी विचारण्याआधीच एक उचललं, अंगठ्यानं चोळलं, दोन्ही हातांनी मोडलं. चांगलं वाळलेलं हळकुंड टणकन आवाज करून मोडतं. हे जरा वाकलं, मग मोडलं. त्यांनी मोडलेली बाजू उजेडात धरली, नाकाशी नेली आणि म्हणाले, "ह्यो माल वला हाय. ठिवला तर किडंल." मुलानं मान हलवली, ते खरं होतं.

इथे थांबलं तर फसगत होते. "बघा, सगळं कळतंय त्यांना," असं घरच्यांना वाटतं. म्हणून ते ज्ञान कुठवर पोहोचतं हे पाहावं लागतं. तेच हळकुंड हातात ठेवून समोर चित्रं मांडली: पानांनी भरलेलं हळदीचं शेत, हरिपूरचं पेव (हळद साठवायचा जमिनीतला खड्डा), नवरीला हळद लावतानाचा फोटो, फोडणीची कढई. यातलं याच्याशी काय जुळतं? त्यांनी पेवावर बोट ठेवलं. बाकी एकाशीही जोड लागली नाही. रोज हाताखालून जाणारा माल, त्याचा वास, त्याचा आवाज, साठवणीची जागा एवढंच शाबूत होतं. हळद जेवणात पडते, हे निसटलं होतं.

वाचन-लेखनाचा भाग इंग्रजीतून उचलून चालत नाही. इंग्रजीत स्पेलिंग आणि उच्चार जुळत नाहीत, म्हणून हे रुग्ण वाचतानाच चुकतात. देवनागरी वाचायला अर्थ लागत नाही, आण्णांनी अख्खी बातमी घडाघडा वाचली. त्यामुळे श्रुतलेखन घ्यावं, कारण "वर्ष"मधला ष नुसत्या उच्चारावरून कळत नाही. त्यांनी "वर्श" लिहिलं. पण माणूस आधीपासून तसंच लिहीत असेल तर? मी जुन्या खतावण्या मागवल्या. पंधरा वर्षांपूर्वीच्या वहीत त्याच वळणदार अक्षरात "वर्ष" आणि "शेष" अगदी शुद्ध होतं. शिक्षण किती झालं यापेक्षा अशी वही जास्त सांगते.

एमआरआयच्या अहवालात "वयोमानानुसार आकुंचन" एवढंच होतं. आडव्या कापांत कानशिलामागच्या भागाचं टोक सहज नजरेतून सुटतं. एक मिलिमीटर जाडीचे काप घेऊन ते कानापासून कानापर्यंतच्या उभ्या छेदात बघितले, तेव्हा डाव्या बाजूचं टोक उजव्यापेक्षा स्पष्ट बारीक झालेलं दिसलं. बी-12, थायरॉईड आणि श्रवणचाचणी आधीच ठीक आल्या होत्या.

डोनेपेझिलचा या तिसऱ्या प्रकारात उपयोग दिसलेला नाही, उलट त्रास वाढू शकतो. डॉक्टरांशी बोलून ती बंद झाली. आजार थांबवणारं औषध आज नाही, हे मी घरच्यांना सरळ सांगितलं. शब्दांचा सराव मात्र होतो. चित्रांची तयार पुस्तकं त्यासाठी कुचकामी. त्यांच्याच घरातला तांब्या, त्यांचाच चष्मा, त्यांचीच वही यांचे फोटो घेऊन, खाली नाव लिहून, रोज वीस मिनिटं म्हणायचं. शब्द थोडे आणि गरजेचे घ्यावेत, कारण सराव सुटला की ते जातात, आणि एका तांब्याचं नाव शिकलं म्हणून दुसरा तांब्या ओळखता येईलच असं नाही.

दोन गोष्टी त्याच दिवशी करायला लावल्या. गोठ्यातल्या फळीवरच्या कीटकनाशकाच्या बाटल्या कुलपात गेल्या, कारण बाटलीवरचं नाव ते वाचू शकत होते, पण ते विष आहे हे कळेलच याची खात्री नव्हती. दुसरी गोष्ट सह्यांची. हिशेब चोख असल्यामुळे यार्डातले लोक अजून त्यांच्यापुढे कागद ठेवत होते. मी "जामीन" म्हणजे काय ते विचारलं. त्यांनी तो शब्दही नीट उच्चारला आणि मुलाकडे पाहिलं. त्यानंतर दुकानात मुलाशिवाय एकाही कागदावर आण्णांची सही घ्यायची नाही, असं ठरलं.