बेताच्या खर्चातले लग्न आखताना

लग्न ठरले की पहिल्या आठवड्यातच सभागृहांची चौकशी सुरू होते, आणि सभागृह एकदा ठरले की उरलेला सगळा खर्च त्याच्या मापाने वाढत जातो. मोठे दालन रिकामे दिसू नये म्हणून पाहुणे वाढतात, पाहुणे वाढले म्हणून जेवणाचा आकडा वाढतो, आणि सजावटही त्या दालनाला शोभेल अशी करावी लागते. हाताशी पैसे बेताचे असतील तर हा क्रम उलटा करावा, असे माझे ठाम मत आहे. नात्यातली आणि मित्रमंडळींतली बरीच लग्ने आखताना मी सोबत राहिले आहे. ज्यांनी आधी पाहुण्यांची यादी केली, मग त्या दिवसातले काय लक्षात राहावे हे ठरवले आणि त्यानंतरच जागा शोधली, त्यांची लग्ने खर्चाच्या आवाक्यात राहिली आणि त्यांच्याविषयी लोक आजही आपुलकीने बोलतात.

यादीविषयी सविस्तर लिहायला हवे, कारण सगळ्या हिशेबाची किल्ली तिथेच आहे. छायाचित्रकार, नवरा-नवरीचे कपडे, कायदेशीर नोंदणी यांचा खर्च पाहुणे ५० असोत की ५००, जवळजवळ तेवढाच राहतो. जेवण, खुर्च्या, भांडी, निमंत्रणे, वाढपी आणि जागेचा आकार या सगळ्यांचा हिशेब मात्र माणशी होतो. एका गोल टेबलाभोवती साधारण ८ ते १० माणसे बसतात. म्हणजे यादीतून २० नावे कमी झाली, की दोन टेबले, त्यांवरची आच्छादने आणि फुले, २० ताटे आणि बहुधा एक वाढपीही कमी होतो. महिनाभर घासाघीस करून सजावटीत जे पैसे वाचतात, ते या बचतीपुढे किरकोळ ठरतात.

नावे गाळणे जिवावर येते, हे मला मान्य आहे. म्हणून नावे लिहायला बसण्यापूर्वीच नियम ठरवावा आणि तो दोन्ही घरांना सारखा लागू करावा. मला पटलेला नियम असा, की ज्या माणसाशी नवरा किंवा नवरी गेल्या वर्षभरात स्वतःहून बोललेली नाही, त्याला लग्नाची बातमी आवर्जून कळवायची, पण समारंभाला बोलवायचे नाही. नावे समोर आल्यावर नियम केला, तर प्रत्येकाला आपल्या बाजूचा एखादा अपवाद सुचतो आणि रुसवेफुगवे सुरू होतात. ज्यांना बोलावता येत नाही, त्यांना नवरा-नवरीने लग्नाआधी स्वतः फोन करावा. समारंभ घरच्या माणसांपुरताच ठेवला आहे, हे त्यांच्या तोंडून कळले तर बहुतेक माणसे मनापासून समजून घेतात. तेच तिसऱ्याकडून कळले, तर मनाला लागते.

अर्थात माणसे कमी करणे हा एकच मार्ग नाही. अमेरिकेतील एमरी विद्यापीठातले अर्थशास्त्रज्ञ अँड्र्यू फ्रान्सिस आणि ह्यूगो मियालोन यांनी ३,००० हून अधिक विवाहित आणि पूर्वी विवाह झालेल्या व्यक्तींची पाहणी केली होती. समारंभावरचा मोठा खर्च आणि लग्न टिकण्याचा काळ यांचे नाते त्यांना व्यस्त आढळले. समारंभाला जास्त माणसे असणे मात्र लग्न टिकण्याशी जोडलेले दिसले. यावरून एकामुळे दुसरे घडते असे सिद्ध होत नाही, आणि ती पाहणी एकाच देशातली आहे. तरीही ऋण काढून सण करू पाहणाऱ्यांना तिच्यात विचार करण्यासारखे बरेच आहे. ज्यांना माणसांचा गोतावळा जिवाभावाचा वाटतो, त्यांनी माणसे ठेवावीत आणि जेवण वगळावे. दोन जेवणांच्या मधल्या वेळेत समारंभ ठेवून निमंत्रणातच ‘अल्पोपाहार’ असे स्पष्ट लिहिले, तर कोणी उपाशी राहत नाही, कोणाचा गैरसमज होत नाही आणि खर्चाचा सर्वांत मोठा आकडा निम्म्याहूनही खाली येऊ शकतो.

आता लक्षात काय राहते, याविषयी. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणसांनी एकदा १४ अंश सेल्सिअसच्या गार पाण्यात ६० सेकंद हात बुडवला. दुसऱ्या वेळी तेवढाच वेळ बुडवून आणखी ३० सेकंद तो पाण्यातच ठेवला आणि त्या अवधीत पाण्याचे तापमान हळूहळू १५ अंशांपर्यंत वाढवले गेले. पुन्हा करायचे झाल्यास कोणता अनुभव घ्याल, असे विचारल्यावर बहुतेकांनी जास्त वेळ चाललेला दुसरा अनुभव निवडला, कारण त्याचा शेवट कमी त्रासाचा होता. आठवण ही एकूण कालावधीने ठरत नाही. सर्वांत उत्कट क्षण आणि शेवट यांचा तिच्यावर फार मोठा प्रभाव असतो, असे या संशोधनाने दाखवून दिले. लग्नाच्या दिवसाला हे लावून पाहिले, की पैसे कुठे घालायचे आणि कुठे हात आखडता घ्यायचा, हे आपोआप उलगडते.

उत्कट क्षणाला बहुधा पैसे लागत नाहीत, पण तयारी लागते. मी पाहिलेल्या एका लग्नात नवरीच्या आजीने नातीला लिहिलेले दीड पानाचे पत्र वाचून दाखवले. आजींचा आवाज बारीक होता. म्हणून आदल्या संध्याकाळी नवरीच्या भावाने दालनातल्या शेवटच्या खुर्चीवर बसून ध्वनिक्षेपक तपासला, आजींच्या उंचीइतका खाली करून घेतला आणि कागदावर प्रकाश नीट पडेल अशी त्यांची खुर्ची हलवली. दुसऱ्या दिवशी मागच्या रांगेपर्यंत शब्द न् शब्द ऐकू गेला. बेताच्या खर्चात एकच गोष्ट उत्तम प्रतीची घ्यायची झाली, तर मी ध्वनिव्यवस्था घेईन. नवरा-नवरी एकमेकांना काय म्हणाली हेच ऐकू आले नाही, तर पाहुणे लग्नाचे साक्षीदार न राहता नुसते प्रेक्षक होतात.

शेवटाकडे मात्र सहसा कोणाचेच लक्ष नसते. जेवणे उरकतात, खुर्च्या आवरण्याचा खडखडाट सुरू होतो, आणि नवरा-नवरी अजून छायाचित्रांत अडकलेली असताना पाहुणे त्यांना न भेटताच निघून जातात. याऐवजी समारंभाची सांगता ठरवून करावी. शेवटची पंधरा-वीस मिनिटे दोघांनी दाराशी उभे राहून प्रत्येकाला नावाने निरोप द्यावा, तोवर आवराआवर थांबवावी. शंभरेक माणसांपर्यंत हे सहज जमते, आणि यादी लहान ठेवण्याचे माझ्या दृष्टीने हे सर्वांत मोठे कारण आहे.

जागा निवडताना विधी आणि जेवण एकाच ठिकाणी होतील असे पाहावे. त्यामुळे वाहनांचा खर्च टळतो आणि विधीच्या वेळची फुले जेवणाच्या टेबलांवर पुन्हा वापरता येतात. फुले हंगामातली असावीत, एवढे पुरे. कामाच्या दिवशी किंवा लग्नसराई नसताना भाडे पुष्कळदा कमी असते, पण लांबून येणाऱ्यांच्या रजेचा विचार आधी करावा. भाड्यात खुर्च्या, वीज, साफसफाई आणि खंडित विजेची पर्यायी सोय धरली आहे का, वेळ संपल्यावर तासाला किती पडतात, अनामत रक्कम कधी परत मिळते आणि बाहेरचा आचारी चालतो का, हे लेखी घ्यावे. तोंडी ठरलेल्या आकड्यांनीच शेवटच्या आठवड्यात अंदाजपत्रक कोलमडताना मी पाहिले आहे. एकूण रकमेचा दहावा हिस्सा अशा अडीअडचणींसाठी वेगळा काढून ठेवावा आणि सुरुवातीला त्याला हात लावू नये.

कपडे उसने किंवा भाड्याने घेण्यात काहीच कमीपणा नाही. ते अंगाला नीट बसतील इतकी दुरुस्ती तेवढी चांगल्या शिंप्याकडून करून घ्यावी. छायाचित्रकाराला पूर्ण दिवसाऐवजी मोजक्या तासांसाठी बोलवावे आणि घरच्यांची छायाचित्रे सूर्यास्ताआधीच्या तासाभरात काढावीत, कारण त्या तिरप्या, मऊ उजेडात चेहरे सुंदर दिसतात आणि वेगळी प्रकाशयोजना लागत नाही. कोणाकोणाचे एकत्र छायाचित्र हवे, त्याची यादी एखाद्या उत्साही भावंडाकडे द्यावी. मित्रालाच छायाचित्रकार करण्याचा मोह मात्र टाळावा. तो दिवसभर कामाला जुंपला जातो आणि एक जवळचा पाहुणा आपण गमावतो.

लग्नाच्या आदल्या दिवशी सगळ्या उरलेल्या रकमा नावे घातलेल्या वेगवेगळ्या पाकिटांत भरून एका विश्वासू, शांत डोक्याच्या व्यक्तीकडे सोपवाव्यात. आचारी, फुलवाला आणि सभागृहाचा व्यवस्थापक या सर्वांकडे त्याच व्यक्तीचा फोन क्रमांक द्यावा आणि त्या दिवशी कोणत्याही अडचणीसाठी नवरा-नवरीला किंवा त्यांच्या आईवडिलांना बोलवायचे नाही, हे प्रत्येकाला आधीच सांगून ठेवावे.